इकिगाई, भिशी आणि ‘माझे पुराण’

आमच्या भिशीत बारा जणी आहोत. राजारामपुरीच्या तीन-चार गल्ल्यांतल्या. दोघी आता मुलांकडे उपनगरात राहायला गेल्या, तरी दुसऱ्या शनिवारी रिक्षा करून येतात. पैसे गोळा करायचे, चिठ्ठी काढायची, वहीत लिहायचे, पोहे खायचे, असा क्रम. त्यात पुस्तकासाठी अर्धा तास जोडण्याचा अपराध माझा. तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईला गप्प बसवत नाही, त्याला इलाज नाही. गेल्या वर्षी एकीच्या सुनेने ‘इकिगाई’ आणले आणि आम्ही ते तीन महिने वाचले. या लेखाचे बी तिथे पडले.

हेक्टर गार्सिया आणि फ्रान्सेस्क मिरालेस या दोघांचे हे पुस्तक मूळ स्पॅनिशमध्ये २०१६ साली निघाले, पुढच्या वर्षी इंग्रजीत आले आणि आज मराठी अनुवादाच्या रूपाने बसस्थानकावरच्या टपरीतही मिळते. ओकिनावा बेटाच्या उत्तरेला ओगिमी नावाचे तीनेक हजार वस्तीचे गाव आहे. तिथली माणसे, विशेषतः बायका, फार वर्षे जगतात. लेखकद्वय तिथे जाऊन म्हाताऱ्यांशी बोलले. त्यांनी सांगितलेल्या रहस्यांपैकी एक म्हणजे ‘मोआई’. पाच-दहा जण एकत्र येतात, दरमहा ठरलेली रक्कम काढतात, जेवतात-खेळतात, आणि जमलेले पैसे पाळीपाळीने एकेकाला मिळतात. एवढे मी वाचून दाखवले तेव्हा आमच्यातल्या सर्वांत वडील काकू, वय एकोणऐंशी, म्हणाल्या, “अहो, ही तर भिशी की. त्यात जपान्याचं काय आलं?”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. जी गोष्ट आम्ही चाळीस वर्षे करतो आहोत आणि जिच्याबद्दल घरच्या पुरुषांकडून ‘चाललं बायकांचं मंडळ’ एवढेच ऐकत आलो, तीच जपानहून आली की जीवनदृष्टी ठरते. हा रोष झाला, आणि रोष म्हणजे समीक्षा नव्हे. म्हणून पुस्तक पुन्हा वाचले. मग त्याच्या मागची पुस्तके शोधली, आणि शोधता शोधता शंभर वर्षांमागच्या पुण्यात जाऊन पोचले, कारण जपानकडून मराठी बायकांसाठी लोकहिताचा विचार येण्याची ही पहिली वेळ नव्हती.

आधी पुस्तकाबद्दल. त्यात चार वर्तुळांची एक आकृती आहे. तुम्हाला काय आवडते, काय जमते, जगाला कशाची गरज आहे, पैसे कशाचे मिळतील. चारही वर्तुळे जिथे एकमेकांत शिरतात तिथे तुमचे इकिगाई. मोबाइलवर ही आकृती इतकी फिरली आहे की अनेकांच्या मते इकिगाई म्हणजे तीच. प्रत्यक्षात तिचा जपानशी संबंध नाही. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाने जीवनहेतू समजावण्यासाठी ती काढली होती. मार्क विन या इंग्रज गृहस्थाने २०१४ साली मधला ‘हेतू’ हा शब्द खोडून तिथे ‘इकिगाई’ लिहिले. एवढीच तिची जपानी परंपरा. जपानी माणूस हा शब्द अगदी साधेपणाने वापरतो. नातवंड हे एखाद्या आजीचे इकिगाई असते, परसातली भाजी एखाद्याचे. त्यातून पैसे मिळाले पाहिजेत अशी अट तिथे कुणी घातलेली नाही.

काकूंना मी ती आकृती दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिली. “आवडतं काय, हे कुणी विचारलंच नाही. जमतं ते सगळं केलं. घराला गरज होती म्हणून केलं. पैसे डेअरीचं दूध घातल्याचे मिळाले, ते मालकांच्या नावावर.” चार वर्तुळांवरची याहून नेमकी समीक्षा मी वाचलेली नाही. ज्या बाईचा दिवस पहाटे पाचला धारेपासून सुरू होतो तिच्यापुढे ‘आवड’ हे पहिले वर्तुळ ठेवणारी आकृती कुणासाठी काढली आहे, ते त्यांनी ओळखले होते.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. मोआईतल्या पैशाबद्दल पुस्तक परिच्छेदभर बोलते आणि लगेच आपलेपणाकडे वळते. आपलेपणाने आयुष्य वाढते, म्हणून आपलेपणा ठेवा. पण भिशी चालवलेल्या कुणालाही विचारा: आधी वही येते, आपलेपणा मागून. कुणाचा हप्ता राहिला, कुणाला पोरीच्या लग्नासाठी चिठ्ठीआधी रक्कम दिली, ते बारा जणींसमोर लिहिलेले असते. म्हणूनच एकमेकींच्या घरी निर्धास्तपणे पोहे खाता येतात. गगनबावड्याकडे रोपलावणीला बायका एकमेकींच्या शेतात पैऱ्याने जातात, तिथेही हेच. तुझ्या रानात माझा एक दिवस, माझ्या रानात तुझा एक दिवस. ओकिनावात अशाच श्रमाच्या देवघेवीला ‘युइमारु’ म्हणतात. पैऱ्यात कुणी कुणावर उपकार करत नाही, आणि दिवस मोजलेले असतात म्हणूनच करत नाही. सामाईक हित म्हणजे काय याची माझी समजूत या दोन उदाहरणांवर उभी आहे, आणि पुढचे सगळे मी तिच्यावरच घासून पाहणार आहे.

जपानी शिक्षक आणि व्यवस्थापक मंडळी एक लोकव्युत्पत्ती आवडीने सांगतात. काम करणे या अर्थाचे क्रियापद आहे ‘हाताराकु’. त्याची फोड ते अशी करतात: ‘हाता’ म्हणजे भोवतालची माणसे आणि ‘राकु’ म्हणजे सुख, भोवतालच्यांना सुख देणे म्हणजे काम. भाषाशास्त्राला ही फोड मान्य नाही, पण विचार म्हणून ती गोड आहे. मराठी कानाला त्यात हातही ऐकू येतो आणि राबणेही. अडचण एवढीच की आपल्याकडे ‘राबणे’ हे क्रियापद बाईला लावले की भोवतालच्यांचे सुख आपोआप गृहीत धरले जाते. भोवतालचे जे, त्यांच्यात ती स्वतः येते की नाही, हा प्रश्न उरतो.

या प्रश्नाला भिडणारी जपानी बाई म्हणजे कामिया मिएको. १९१४ ते १९७९ असे आयुष्य लाभलेल्या या मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने १९६६ साली ‘इकिगाई नि त्सुइते’, म्हणजे ‘इकिगाईविषयी’, हे पुस्तक लिहिले. मार्कस ऑरेलियसच्या चिंतनाचा जपानी अनुवादही तिचाच. तिचा विषय दीर्घायुष्य नव्हता. ओकायामा प्रांतात नागाशिमा नावाच्या बेटावर आइसेइएन हे कुष्ठरोग्यांचे निवासस्थान आहे, तिथे ती रुग्णांना तपासायला जाई. ज्यांचे घर, नाव, व्यवसाय सगळे सुटले त्यांच्यापैकी काहींना सकाळी उठावेसे का वाटते आणि बाकीच्यांना का वाटत नाही, असा तिचा प्रश्न. इकिगाई ज्या वस्तूत असते ती वस्तू वेगळी आणि इकिगाई असल्याची भावना वेगळी, हा तिचा भेद मला महत्त्वाचा वाटतो. माणसाच्या गरजा मोजताना तिने एक गरज ‘प्रतिसाद’ ही धरली. आपण जे करतो त्याला बाहेरून काही उत्तर यावे, आपली नोंद घेतली जावी, ही तिच्या मते हौस नव्हती, गरज होती. दीर्घायुष्याच्या पुस्तकात हा भाग जवळजवळ गळून गेला आहे.

पण कामियाबाईंनाही मी सोडणार नाही, आणि जपानी टीकाकारांनीही त्यांना सोडलेले नाही. त्या बेटावरची माणसे आपखुशीने आलेली नव्हती. कायद्याने त्यांना समाजापासून तोडून तिथे ठेवले होते. औषध उपलब्ध झाल्यावरही तो कायदा राहिला आणि १९९६ साली रद्द झाला. २००१ मध्ये कुमामोतोच्या न्यायालयाने शासनाला दोषी ठरवले. निवासातली बरीच कामे, अगदी अधिक आजारी असलेल्यांची शुश्रूषासुद्धा, रुग्णांकडूनच क्षुल्लक मोबदल्यात करून घेतली जात. अशा ठिकाणी एखाद्या रुग्णाला दुसऱ्याची सेवा करण्यात आयुष्याचा अर्थ सापडला, हे खरे असेल. पण फाटकाला कुलूप कुणी लावले ते न विचारता अर्थाबद्दल बोलत राहिले, तर ते लिखाण कुलूप लावणाऱ्याच्याही उपयोगी पडते. कामियाबाईंच्या मनाची श्रीमंती मान्य करूनही हे म्हणावे लागते.

ओगिमीकडे परत येते, कारण तिथेच एक वेगळे उदाहरण आहे. त्या गावात किजोका नावाची वाडी आहे. १९४५च्या लढाईत ओकिनावाची राखरांगोळी झाली. तायरा तोशिको ही पंचविशीतली मुलगी मुख्य भूमीवरच्या कुराशिकी गावातून विणकाम शिकून परत आली, आणि वाडीतल्या बायकांना, त्यात युद्धात नवरे गमावलेल्याही होत्या, तिने ‘बाशोफू’च्या कामाला लावले. बाशोफू म्हणजे एका जातीच्या केळीच्या सोपटातून काढलेल्या धाग्याचे कापड. एका किमोनोच्या कापडाला सुमारे दोनशे झाडे लागतात. सोपटे सोलायची, उकळायची, खरवडायची, मग एकेक तंतू गाठ मारून जोडत जायचे. हे जोडकाम नजर मंदावलेल्या म्हाताऱ्याही बोटांच्या सवयीने करतात. एकटीने होणारे हे कामच नव्हे. १९७४ साली किजोकाचे बाशोफू जपानचा महत्त्वाचा सांस्कृतिक वारसा म्हणून जाहीर झाले, २००० साली तोशिकोबाई ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ झाल्या, आणि २०२२ मध्ये एकशे एक वर्षांच्या होऊन गेल्या. आयुष्य लांबले ते ग्रीन टीने की कामाने, मला ठाऊक नाही. किजोकात बाईच्या कामाला कापडाचे रूप आले, किंमत आली, नाव आले. दीर्घायुष्याचे रहस्य शोधणाऱ्याला त्याच गावात विधवांचा धंदा उभा राहिलेला दिसायला हवा होता.

आता पुण्याकडे वळते. १९१५ हे मराठीत विलक्षण वर्ष आहे. त्या वर्षी टिळकांचे ‘गीतारहस्य’ छापून आले आणि निष्काम कर्म, लोकसंग्रह हे शब्द सुशिक्षितांच्या तोंडी खेळू लागले. त्याच वर्षी धोंडो केशव कर्व्यांचे ‘आत्मवृत्त’ निघाले. (सातारच्या परीक्षेला वय लहान दिसते म्हणून परत पाठवलेला मुरुडचा हा मुलगा पुढल्या वर्षी आमच्या कोल्हापुरात येऊन ती परीक्षा पास झाला होता, आम्हाला तेवढाच त्यांच्यावर हक्क.) आणि त्याच वर्षी बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी पाठवलेली एक पुस्तिका कर्व्यांच्या हाती पडली. ती तोक्योच्या स्त्री-विद्यापीठाची माहिती देणारी होती. नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली ते काढले होते. डिसेंबरात मुंबईला भरलेल्या सामाजिक परिषदेचे कर्वे अध्यक्ष होते. भाषणात त्यांनी स्त्रियांच्या विद्यापीठाची कल्पना मांडली ती या पुस्तिकेच्या आधारानेच, आणि जून १९१६ मध्ये पुण्यात विद्यापीठ सुरूही झाले. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली. त्याआधी तेही तोक्योचे विद्यापीठ डोळ्यांनी पाहून आले होते. विद्यापीठाला नाव मिळाले ते त्यांच्या मातोश्रींचे, नाथीबाईंचे.

नारुसे यांनी १९१९ साली मृत्यूशय्येवरून विद्यापीठासाठी तीन तत्त्वे लिहून दिली. निष्ठा शेवटपर्यंत नेणे, स्वतःच्या प्रेरणेने निर्माण करणे आणि तिसरे ‘क्योदो होशी’, म्हणजे एकत्र येऊन सेवा करणे. कर्व्यांना यात नवे काही वाटण्याचे कारण नव्हते. १९०८ सालीच त्यांनी ‘निष्काम कर्म मठ’ स्थापला होता. संस्थेला आयुष्य वाहून घेणाऱ्यांचा तो मठ. गंमत अशी की नारुसेंचे स्त्री-शिक्षणाचे सूत्र तीन पायऱ्यांचे होते: स्त्रीला आधी माणूस म्हणून शिकवा, मग स्त्री म्हणून, मग राष्ट्राची घटक म्हणून. कर्व्यांच्या भाषणात भर पडला तो दुसऱ्या पायरीवर: समाजात स्त्रीचे स्थान पुरुषाहून वेगळे, तेव्हा अभ्यासक्रमही वेगळा. ‘आधी माणूस’ ही पायरी तोक्योहून पुण्याला येईपर्यंत झिजली, असे मला वाटते. शिक्षण मातृभाषेतून देण्याचा त्यांचा आग्रह मात्र आजही अभिमान वाटावा असा आहे.

तोक्योतही सगळे सरळ नव्हते. त्याच विद्यापीठाच्या गृहशास्त्र विभागातून १९०६ साली बाहेर पडलेल्या हिरात्सुका राइचो हिने १९११ मध्ये ‘सेइतो’ हे बायकांनी चालवलेले मासिक काढले आणि आदर्श पत्नी-आदर्श माता या शिकवणीलाच प्रश्न विचारला. पुढे १९१८-१९ मध्ये कवयित्री योसानो आकिको आणि राइचो यांच्यात जो वाद झाला तो आपल्याकडे अजून झालेला नाही. राइचोचे म्हणणे, मूल वाढवणे हे समाजाचे काम आहे, तर त्याचा खर्च राज्याने उचलावा. अकरा मुले वाढवत लेखणीवर घर चालवणारी आकिको म्हणाली, नवऱ्यावर अवलंबून राहणे आणि सरकारवर अवलंबून राहणे यात फरक काय? बाईने स्वतः कमवावे. उत्तरे उलटसुलट होती, पण सेवेचा हिशेब कुणाच्या वहीत मांडायचा, हे दोघींनी उघड विचारले. आमच्याकडे त्या काळात हा प्रश्न कुणी विचारला का, हे शोधताना मी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन ‘माझे पुराण’ पुन्हा वाचायला घेतले.

आनंदीबाई कर्व्यांची ही आठवणींची वही १९४४ साली प्रसिद्ध झाली. विद्यार्थिदशेत मी ती ‘महर्षींच्या पत्नीच्या आठवणी’ म्हणून वाचली होती, परीक्षेत लिहिण्यापुरती. आता वाचताना वाटले, ‘आत्मवृत्ता’च्या शेजारी ठेवलेली ही खर्चाची बाजू आहे.

देवरूखची गोदू जोशी. लहानपणी लग्न, काही महिन्यांत वैधव्य, मग सासरी वर्षानुवर्षे राबणे. भावाने मुंबईला आणले आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात ही पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. १८९३ मध्ये कर्व्यांशी पुनर्विवाह. मुरुडकरांनी कर्व्यांच्या घरावर बहिष्कार घातला. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापला आणि १९०० पासून तो हिंगण्याला गेला. विधवांच्या आश्रमात काम करायला शारदा सदनात शिकलेल्या, स्वतः त्यातून गेलेल्या बायाहून योग्य बाई कोण होती? पण तिला तिथे जागा नव्हती. ती पुनर्विवाहित. तिच्या वावराने सनातनी पालक मुली पाठवणार नाहीत, वर्गणीदार हात आखडतील, म्हणून संस्थापकाच्या पत्नीने संस्थेपासून दूर राहायचे. तिची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले आश्रमात होती, कामाला, विश्वासाच्या जागी. दोघीही बालपणीच्या संस्कारांत सारख्या, दोघीही विधवा झालेल्या. एक आत आणि एक बाहेर, कारण एकीने लग्न केले. पार्वतीबाईंनी ‘माझी कहाणी’ १९२८ मध्ये लिहिली. संस्थेसाठी त्या १९१८ साली अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी घरकाम करून राहिल्या. दोन बहिणींची ही दोन पुस्तके एकत्र ठेवून मराठीत फारशी वाचली गेली नाहीत, ही आपल्या समीक्षेची उणीव.

बायाच्या निवेदनात कर्व्यांबद्दल भक्ती आहे आणि तक्रारही आहे. दोन्ही एकाच सुरात, एकाच परिच्छेदात येतात. पूर्वी मला तो विस्कळीतपणा वाटे. आता वाटते, चाळीस वर्षांच्या सहवासात माणसाबद्दल असेच वाटते, आणि तसे लिहायला धैर्य लागते. नवऱ्याची मिळकत संस्थेकडे वाहते, घर चालवायचे तिने. सुईणपणाचे शिक्षण घेतले, घरी विद्यार्थी ठेवले, त्यांना रांधून घातले. त्या पैशावर महर्षींचा निष्काम कर्मयोग उभा होता. तो शब्द मी कुचेष्टेने लिहीत नाही. कर्व्यांनी स्वतःसाठी काही ठेवले नाही, हे शंभर टक्के खरे. पण जो माणूस स्वतःसाठी काही ठेवत नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी काही ठेवावे लागते: भाकरी, धुतलेले धोतर, मुलांच्या फीचे पैसे. त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे यांनीही सासऱ्यांवर लिहिताना, यांची सून होणे भाग्याचे, पण बायको व्हावे लागले नाही हेही बरे, अशा आशयाचे म्हटले आहे. घरातल्याच, आणि इतक्या तीक्ष्ण बुद्धीच्या बाईची ही साक्ष आहे.

भिशीत मी हा भाग सांगितला. काकूंनी विचारले, “मग त्या बाईला शेवटी आश्रमात घेतलं का?” मी म्हटले, पुढे तिने संस्थेसाठी वर्गण्या मात्र गोळा केल्या, दारोदार हिंडून. “म्हणजे पैसे चालले, बाई चालली नाही.” असे म्हणून त्यांनी पोह्यांच्या बशा उचलल्या.

काकूंचा शेरा मला पुरता मान्य नाही, आणि मी ते त्यांना सांगितले. कर्व्यांपुढचा पेच खोटा नव्हता. बायाला आत घेतले असते तर आश्रम कदाचित उभाच राहिला नसता आणि शेकडो मुली घरच्या चुलीपाशी केशवपन करून बसल्या असत्या. सामाईक हिताचा हिशेब त्यांनी मांडला होता. पण त्यात बायाची रक्कम तिला न विचारता खर्ची टाकली गेली. पैऱ्यात असे चालत नाही. तिथे ज्याचा दिवस घ्यायचा त्याला आदल्या संध्याकाळी विचारावे लागते. ‘माझे पुराण’चे मोल मला इथे दिसते. न विचारता खर्ची पडलेली रक्कम बायाने उतारवयात स्वतःच्या हाताने नोंदवली. तिने ती परत मागितली नाही. फक्त लिहून ठेवली.

आमच्या घरातली एक गोष्ट लिहिते आणि थांबते. माझी आत्या सव्विसाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे आली आणि बेचाळीस वर्षे राहिली. आम्हा पाच भावंडांची बाळंतपणे, दुखणी, परीक्षा तिने काढल्या. ती गेली तेव्हा तेराव्याला जमलेला प्रत्येक जण म्हणाला, “तिनं कधी काही मागितलं नाही.” मीही मान हलवली. पण ते खरे नव्हते. मी कॉलेजात असताना एका दुपारी तिने वडिलांकडे मागची खोली तिच्या नावे करून मागितली होती. वडील म्हणाले, “तुला इथं काय कमी आहे?” मी जिन्यात उभी होते. आत्या पुन्हा त्या विषयावर बोलली नाही, आणि आम्ही तिला निःस्वार्थी म्हणायला मोकळे झालो. इकिगाईच्या पुस्तकात ओगिमीच्या हसऱ्या म्हाताऱ्यांचे वर्णन वाचताना मला सारखी ती आठवत होती. तीही हसतमुख होती. सत्त्याण्णव नाही, पण अडुसष्ट वर्षे जगली.

पुढल्या दुसऱ्या शनिवारी ‘माझी कहाणी’ सुरू करायची ठरली आहे. प्रत एकच मिळाली, तीही वाचनालयाची, म्हणून वहीच्या मागच्या पानावर पाळ्या लावल्या आहेत. पहिली पाळी काकूंची. डोळ्यांचे ऑपरेशन झाले की घेते म्हणाल्या, तोवर दुसरीने घ्यावी आणि पाळी बदलली असे लिहून ठेवावे.